खाष्ट, लबाड आणि लाडकी

धान कापून खळ्यावर आलं, दिवाळी सरली, की गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात, म्हणजे झाडीपट्टीत, मंडईचे, म्हणजे गावजत्रेचे, दिवस लागतात. दिवसा मंडई, रात्री नाटक. वडसा, म्हणजे कागदोपत्री देसाईगंज, इथं नाट्यमंडळांची कार्यालयं आहेत. गावोगावची मंडळी तिथं जाऊन तारखा धरतात आणि मग होळीपर्यंत कलावंतांच्या गाड्या रोज रात्री नव्या गावाची वाट धरतात. नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि उजाडता संपतं. थंडीत चादरी पांघरून बसलेली माणसं मध्येच पेंगतात आणि विनोदी नट आला की टक्क जागी होतात.

त्या विनोदी नटाचा मान मोठा आहे. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ती झाडीपट्टीच्या रंगभूमीवर आयुष्य घालवल्याबद्दल. त्यांच्या प्रयोगांचा आकडा पाच हजारांच्या घरात सांगितला जातो. झाडीपट्टीला दिल्लीहून आलेला हा मान लोकांना हसवणाऱ्या नटाच्या वाट्याला आला, हे विशेष.

तरी मंडळांची जाहिरात नीट वाचली तर एक जागा रिकामी दिसते. नायक असतो, नायिका असते, खलनायक असतो, विनोदी जोडी असते, लावणी सादर करणारी असते. सासू-जावांचा छळ असतो, तो रडवण्यासाठी. हशा असतो, तो वेगळ्या प्रवेशात, वेगळ्या माणसांच्या तोंडी. डाव रचणारी, त्यात स्वतःच फसणारी, प्रेक्षकांनी शिव्या घालाव्यात आणि तरी पुन्हा कधी येते म्हणून वाट पाहावी अशी बाई, म्हणजे विनोदी खलनायिका, हा खण या वाटणीत सहसा नसतो.

गंमत अशी, की त्याच मुलखातल्या पोरांना ही बाई चांगली ओळखीची आहे. मुलचेरा हा गडचिरोलीच्या दक्षिणेकडचा तालुका. इथं गोंड-माडिया आहेत, मराठी बोलणारे आहेत, अहेरीकडून आलेलं तेलुगूचं वारं आहे आणि पूर्व पाकिस्तानातून आलेल्या, १९६०च्या दशकापासून इथं वसवलेल्या बंगाली कुटुंबांची गावं आहेत. आश्विनात तिथं दुर्गापूजेचे मंडप उभे राहतात. तालुक्यात भाषा चार, पण टीव्हीवरच्या कार्टूनची भाषा बहुतेक हिंदीच. डोरेमॉन, शिनचॅन, पोकेमॉन. आणि पोकेमॉनमध्ये आहे जेसी.

जेसीचं मूळ जपानी नाव मुसाशी. पोकेमॉनची मालिका जपानमध्ये १ एप्रिल १९९७ रोजी सुरू झाली आणि दुसऱ्याच भागात ‘टीम रॉकेट’ या टोळीतली ही बया आपला जोडीदार जेम्स आणि बोलकं मांजर म्याउथ यांच्यासह हजर झाली. भारतात कार्टून नेटवर्कवर ही मालिका २००३मध्ये आली. मागं झोकलेले लांबलचक लालभडक केस, उंच बूट, आल्या आल्या पाठ केलेली घोषणा, आणि डोक्यात एकच ध्यास : नायक ॲशचा पिकाचू पळवायचा. बहुतेक दर भागात ती पिकाचू पळवू पाहते, दर भागात विजेचा झटका खाऊन आभाळात उडते, एक चांदणी लुकलुकते आणि ती दिसेनाशी होते. पुढच्या भागात केसांची बटसुद्धा न हलता परत.

तिच्या नावातच लेखकांनी थट्टा पेरून ठेवली आहे. मियामोतो मुसाशी हा जपानचा दंतकथा बनलेला तलवारबहाद्दर. १६१२ साली एका बेटावर त्यानं सासाकी कोजिरोला द्वंद्वात मारलं. जेसीच्या जोडीदाराचं जपानी नाव कोजिरोच. जिथं एकानं दुसऱ्याचा जीव घेतला, तिथं हे दोघं एकाच डब्यातलं जेवण भांडून खातात. इंग्रजी अवतारात नावं बदलली तेव्हा अमेरिकेतला दरोडेखोर जेसी जेम्स घेऊन त्याचे दोन तुकडे केले.

पण जेसी केवळ मार खाणारी नाही. लहानपणी घरात इतकी गरिबी, की आईनं बर्फाचेच पदार्थ करून वाढले आणि तिनं ते चवीनं खाल्ले, अशी आठवण एका भागात येते. परिचारिका व्हायचं म्हणून ती प्रशिक्षणाला गेली होती, ते जमलं नाही. पुढं पोकेमॉनच्या सादरीकरणाच्या स्पर्धांसाठी तिनं वेष पालटला, ‘जेसिलिना’ हे नाव घेतलं आणि चोरी बाजूला ठेवून सरळ मंचावर उतरली. जिंकली, फिती मिळवल्या, मोठ्या स्पर्धेपर्यंत धडक मारली. एकदा ती आजारी पडली तर जेम्सनं तिच्या वेषात जाऊन तिची लाज राखली. म्हणजे ही चोरटी खोट्या नावाखालीच खरं कमावते. हसता हसता प्रेक्षक तिच्या बाजूनं कधी झाला हे त्याला कळत नाही.

जेसीच्या आधीही जपानमध्ये ही बाई होती. तात्सुनोको या कंपनीनं १९७५मध्ये ‘टाइम बोकान’ मालिका काढली. त्यातून निघालेल्या ‘यात्तरमान’च्या १९७७ ते १९७९ या काळात १०८ भागांनी लोकांना वेड लावलं, ते नायकापेक्षा डोरोंजो या टोळीप्रमुख बाईमुळं. तिच्या हाताखाली दोन पुरुष, एक लांबनाक्या यंत्रतज्ज्ञ आणि एक बलदंड. दर आठवड्याला हे तिघं लबाडीचं दुकान थाटून पैसे उकळतात, त्यातून अजस्र यंत्र बांधतात, हरतात, तिघांच्या एकाच सायकलीवरून पळतात आणि वर मालकाकडून शिक्षा भोगतात. बाई बॉस, पुरुष हाताखाली, सगळ्यांचे खिसे फाटके. पुढं टीम रॉकेटचं वळणही असंच. डोरोंजोचा आवाज नोरिको ओहारा यांचा. त्यांनीच १९७९पासून २००५पर्यंत डोरेमॉनच्या जपानी मालिकेत नोबिताला आवाज दिला. हाताखालच्या माणसांवर डाफरणारी टोळीप्रमुख आणि गृहपाठ न केल्यानं भोकाड पसरणारं पोर, दोन्ही एकाच गळ्यातून.

मराठीत ही बाई कुठं आहे?

लोकनाट्यात तिचे तुकडे सापडतात, पूर्ण बाई सापडत नाही. तमाशाच्या गौळणीत मावशी आहे. मथुरेच्या बाजारी निघालेल्या गवळणींची म्होरकी, कृष्णाशी हुज्जत घालणारी, तोंडाची फटकळ. ती करतो पुरुष. पण ती खल नाही, नुसती खट आहे. कोकणातल्या दशावतारात संकासुर आहे. तो खरोखरचा असुर, वेद पळवणारा, आणि तरी प्रेक्षकांना हसवून लोळवणारा. बाकी पात्रं पुस्तकी वळणानं बोलतात तेव्हा हा मालवणीत सुटतो. विनोदी खलपात्राची सगळी युक्ती त्याच्यात आहे. फक्त तो बाई नाही. झाडीच्या दंडारीत आणि खडी गंमतीतही स्त्रीची भूमिका परंपरेनं पुरुषाकडेच. लुगडं नेसलेला गडी आला की हशा आपोआप पिकतो, मग खलत्व कुणाला आठवतं? आचार्य अत्र्यांच्या ‘मोरूची मावशी’नं तर मिश्यांवरचं लुगडं हाच नाटकाचा विषय केला आणि १९८५नंतर विजय चव्हाणांनी त्या मावशीला घरोघर पोचवलं.

पूर्ण बाई पहिल्यांदा भेटते ती बालनाट्यात, आणि ती चेटकीण आहे. सुधा करमरकर अमेरिकेत बालरंगभूमीचं शिक्षण घेऊन आल्या आणि १९५९मध्ये त्यांनी ‘लिटल थिएटर’ काढलं. रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ हे त्यांचं पहिलं नाटक, आणि त्यातली चेटकीण त्यांनी स्वतः रंगवली. संस्था काढणारी, दिग्दर्शन करणारी बाई राजकन्या सोडून चेटकीण निवडते, यात पुष्कळ काही आलं. पुढं मतकरींनीच ‘अलबत्या गलबत्या’ लिहिलं आणि चिंची चेटकीण जन्माला आली. लांब नाक, चिरका आवाज आणि प्रत्येक बेताची माती. तिला दिलीप प्रभावळकरांनी घडवलं. २०१८मध्ये चिन्मय मांडलेकरांच्या दिग्दर्शनाखाली नाटक नव्यानं आलं तेव्हा वैभव मांगले चिंची झाले. सभागृहातली पोरं तिच्याशी थेट भांडतात, नायकाला ती कुठं लपली आहे ते ओरडून सांगतात, आणि नाटक संपल्यावर फोटो काढायला तिच्याचकडे पळतात.

मराठीतली सर्वांत लाडकी विनोदी खलनायिका कोण, या प्रश्नाचं उत्तर बहुधा चिंची हेच येईल. पण सुधाताईंच्या चेटकिणीनंतर ही जागा पुन्हा लुगड्यातल्या गड्याकडे गेली, याची नोंद करणं भाग आहे. प्रभावळकर आणि मांगले यांच्या कामाबद्दल तक्रार नाही. दोघांचंही काम अव्वल. प्रश्न एवढाच, की कुरूप, लोभी आणि हास्यास्पद दिसायची मोकळीक बाईला का मिळू नये? नटीला ‘चांगली दिसायची’ ताकीद असते. हसवणारी खलनायिका व्हायचं तर आधी ती ताकीद मोडावी लागते.

ती मोडायची एक वाट मराठी मुलींना हिंदी पडद्यावर सापडली, तीही अपघातानं. येवल्यात १९१६ साली जन्मलेल्या ललिता पवार मूकपटांच्या काळातल्या नायिका. १९४२मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात भगवानदादांची थप्पड वर्मी बसली आणि त्यांचा डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिकापद गेलं. तो बारीक झालेला डोळा मग सगळ्या देशाची खाष्ट सासू झाला, दूरदर्शनवर मंथरा झाला. पण त्या डोळ्यातला विनोद फार थोड्यांनी ओळखला. १९६२च्या ‘प्रोफेसर’मध्ये त्या कडक शिस्तीच्या सीतादेवी आहेत. भाच्यांना शिकवायला आलेला म्हातारा मास्तर, म्हणजे वेष पालटलेला शम्मी कपूर, त्यांना आवडू लागतो. छडी घेऊन फिरणारी बाई आरशासमोर रेंगाळायला लागते. आपण खदाखदा हसतो आणि तेवढ्यात लक्षात येतं, की या बाईला आजवर कुणी माणूस म्हणून विचारलंच नव्हतं. विनोदी खलनायिकेची खरी कसोटी हीच. हसू घशात अडकलं पाहिजे, पण हसू थांबता कामा नये.

पुण्याच्या रोहिणी हट्टंगडींचं उदाहरण याहून मजेशीर. ‘गांधी’ चित्रपटातल्या कस्तुरबांसाठी त्यांना बाफ्ता पुरस्कार मिळाला. ‘गांधी’नंतर सात वर्षांनी, १९८९च्या ‘चालबाज’मध्ये, त्या अंबा झाल्या. अनुपम खेरांच्या जोडीनं श्रीदेवीच्या भोळ्या अंजूचा छळ करायचा, तिची मालमत्ता लाटायची, आणि मग तिची जुळी मंजू घरात घुसली की चाबूक उलटून आपल्याच पाठीवर. कस्तुरबांनंतर अंबा करायला नटीत हिंमत लागते. ‘सीता और गीता’तल्या मनोरमाबाईंच्या काकूनं ही वाट आधी पाडून ठेवली होती, हेही खरं.

आणि मराठी चित्रपटात? तिथं चाव्यांचा जुडगा. मराठी पडद्यावरच्या खलनायिकेला अधिकार मिळाला तो नात्यातून : सासू, सावत्र आई, जाऊ, नणंद. टोळीप्रमुख व्हायला तिच्याकडे टोळी नव्हती, घर होतं. दया डोंगरे यांनी या घरातल्या हुकूमशहाला विनोदाची धार दिली. ‘नवरी मिळे नवऱ्याला’ आणि १९८७चा ‘खट्याळ सासू नाठाळ सून’ आठवावेत. ताठ मान, शब्दाशब्दाला ठसका, आणि पडायची वेळ आली की तेवढ्याच ताठ मानेनं पडणं. नाहीतर ‘माहेरची साडी’तली उषा नाडकर्णींची सासू, तिथं हशाला जागाच नव्हती, बायका थिएटरातून डोळे पुसत बाहेर पडल्या. एकाच नात्याची ही दोन टोकं. पण सासूला एक अडचण कायमची असते : चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. म्हण तिची मुदत आधीच लिहून ठेवते. शेवटच्या रिळात तिला पश्चात्ताप करावाच लागतो. डोरोंजो किंवा जेसी पश्चात्ताप करत नाहीत. त्या पुढच्या आठवड्यात येतात.

दर आठवड्याला, किंबहुना दर रात्री येण्याची सोय मराठीत झाली ती मालिकांमुळं. ‘तुझ्यात जीव रंगला’मधल्या वहिनीसाहेब, ‘लागिरं झालं जी’मधली जयडी यांनी कोल्हापूर-साताऱ्याकडच्या ठसक्यात ही जागा भरली. पण जेसीची सख्खी बहीण म्हणावी अशी एकच : ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली शनाया. ही मालिका २०१६ ते २०२१ चालली. रसिका सुनीलनं शनाया उभी केली, मधल्या काळात ईशा केसकरनं ती केली, मग पुन्हा रसिका आली. नटी बदलली तरी प्रेक्षक टिकला, म्हणजे पात्र पक्कं होतं.

शनाया सासू नाही, जाऊ नाही, घरात तिचं कुठलंच नातं नाही. लग्न झालेल्या गुरुनाथला ती ‘गॅरी’ म्हणते, त्याच्या पैशांवर खरेदी करते, स्वयंपाकघराच्या वाटेला जात नाही, बेत रचते आणि तोंडावर पडते. जेसीसारखाच तिचा आरशावर जीव. मात्र एक फरक आहे, आणि तो तिच्या लेखकांना अडचणीत आणणारा. जेसीच्या लोभामागं भूक आहे, बर्फ खाल्लेलं बालपण आहे. शनायाच्या मागं काही नाही. तिचा सगळ्यात मोठा गुन्हा काय, तर तिला कामं येत नाहीत. समोर गुरुनाथची बायको राधिका आहे, डबे करणारी, मसाल्यांचा धंदा उभा करणारी. पोळ्या लाटता येणारी जिंकणार आणि न येणारी हरणार, हे पहिल्याच महिन्यात ठरलेलं. स्वतःचा संसार मोडणाऱ्या गुरुनाथपेक्षा भाजी न येणाऱ्या शनायाला जास्त हसणं, हा प्रेक्षकांचाही हिशेब तपासून पाहण्यासारखा आहे.

त्या मालिकेनं विदर्भाला मात्र एक अनपेक्षित देणगी दिली. राधिका नागपूरची. अनिता दाते यांनी ती नागपुरी वळणाच्या बोलीत रंगवली. एरवी वैदर्भी बोलणं आलं की ते नोकराच्या किंवा बावळट पाहुण्याच्या तोंडी असायचं. इथं बोली नायिकेची, आणि हास्यास्पद ठरली ती शनायाची इंग्रजी पेरलेली मुंबईची भाषा. संकासुर मालवणी बोलला म्हणून लोक हसले. शनाया मालवणी-वऱ्हाडी काहीच बोलत नव्हती म्हणून लोक हसले. कोणाची भाषा हसण्याजोगी, हे विनोदी खलपात्राकडून जेवढं स्वच्छ कळतं तेवढं भाषातज्ज्ञांच्या परिषदेतूनही कळत नाही.

झाडीपट्टीत हा मामला अजून जुन्या वाटणीवर चालला आहे. नायक-नायिका प्रमाण मराठीत बोलतात, खलनायक प्रमाण मराठीत गरजतो आणि झाडीबोली येते ती बहुधा विनोदी जोडीच्या तोंडून. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी या बोलीचं व्याकरण मांडलं, तिच्यात साहित्य उभं राहावं म्हणून चळवळ केली. रंगमंचावर मात्र ती हशाची भाषा म्हणूनच जास्त वावरते. त्यातच नायिका करणाऱ्या नटी पुष्कळदा नागपूरसारख्या शहरांतून येतात. तालमींना वेळ थोडा, नाटक रोज नव्या गावात, प्रॉम्प्टरच्या भरवशावर उभं. अशा घाईत लेखक ठरल्या खणांतच पात्रं बसवतो आणि त्याला दोष देता येत नाही. कट करणाऱ्या बाईला बोली दिली तर लोक हसतील आणि कटाचा धाक जाईल, ही त्याची भीती. जेसीचा पंचवीस वर्षांचा धंदा मात्र याच गोष्टीवर चालला, की धाक गेला तरी बाई उरते.

२०२३च्या मार्चमध्ये ॲशची गोष्ट संपवण्यात आली. जगज्जेता होऊन तो निघून गेला. त्या शेवटच्या भागांत टीम रॉकेटची टोळी भांडून फुटली आणि न राहवून पुन्हा एकत्र आली. एवढी वर्षं हरलेल्या तिघांना निरोपाला वेगळा भाग मिळतो, हा जपानी लेखकांचा मोठेपणा. मुलचेऱ्यातल्या ज्या पोरांनी तो पाहिला, ती उद्या मंडईच्या नाटकाला आईच्या मांडीवर न पेंगता बसतील, तिकीट काढून बसतील, कदाचित त्यांतलं एखादं नाटकही लिहील. झाडीबोलीत ‘ळ’ नाही, त्याचा ‘र’ होतो. डोळ्यांचे डोरे होतात. तेव्हा झाडीची खलनायिका आली तर ती सुनेवर वटारील ते डोरे, आणि पाटलाच्या पोरावर टाकील तेही डोरेच. एकाच शब्दावर दोन टाळ्या घ्यायची अशी सोय पुण्या-मुंबईच्या लेखकाला मिळणं अवघड आहे.